जामीन : हक्क कायद्याचा, किंमत ऐपतीची

ज्याचा अपराध न्यायालयात सिद्ध झालेला नाही, तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होय, हे तत्त्व आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेचा पाया मानले जाते. परंतु या पायावर उभ्या असलेल्या तुरुंगांत प्रत्यक्ष कोण राहते, हे पाहू गेल्यास चित्र निराळेच दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक, म्हणजे शंभरातील सुमारे शहात्तर, हे ‘कच्चे कैदी’ होते. त्यांच्यावरील आरोपांचा निकाल लागलेला नव्हता. देशातील सर्व तुरुंगांची एकूण क्षमता त्या वेळी ४ लाख ३६ हजारांच्या आसपास होती. याचा अर्थ असा की, शिक्षा झालेला एकही कैदी नसता, तरीदेखील केवळ निकालाची वाट पाहणाऱ्या माणसांनीच आपले तुरुंग जवळजवळ भरून गेले असते. यांतील अकरा हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांपेक्षा जास्त काळ कोठडीत होती.

यांतील काहींना जामीन नाकारला गेला असेल, आणि तो नाकारण्यास सबळ कारणेही असतील. काहींनी जामिनासाठी अर्जच केला नसेल, कारण अर्ज करणारा वकील त्यांच्यापाशी नव्हता. आणि काहींच्या बाबतीत न्यायालयाने जामीन मंजूर करूनही तुरुंगाचे दार उघडलेले नसेल, कारण आदेशात लिहिलेली रक्कम किंवा जामीनदार त्यांना उभा करता आला नाही. पहिल्या गटाचा प्रश्न कायद्याचा आहे. उरलेल्या दोन गटांचा प्रश्न मात्र कायद्याइतकाच ऐपतीचा आहे, आणि म्हणूनच तो केवळ वकिलांवर सोपवून चालणार नाही.

जामिनाचे यंत्र

जामीन म्हणजे आरोपातून सुटका नव्हे. अभियोग चालू असताना आरोपीने ठरलेल्या तारखेस न्यायालयात हजर राहण्याची हमी देऊन कोठडीबाहेर राहणे, एवढाच त्याचा अर्थ. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘जामीन’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती प्रथमच देण्यात आली. मूळ चौकट मात्र जुनीच राहिली आहे. गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे; तेथे पोलिसांच्या अथवा न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न उद्‌भवत नाही. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन देता येत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तेथेही जामीन देता येतो, पण तो देणे वा न देणे हे न्यायालयाच्या विवेकाधीन असते. अटक होण्याची रास्त भीती असल्यास सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे अटकपूर्व जामिनासाठी जाता येते.

हमीचेही तीन प्रकार आहेत. आरोपीने केवळ आपल्या सहीने बंधपत्र लिहून द्यावयाचे, तो जातमुचलका. दुसऱ्या कोणी त्याच्याबद्दल हमी घ्यावयाची, तो जामीनदार. आणि न्यायालयात रक्कमच भरावयाची, तो रोख जामीन. जामीनदाराने सामान्यतः आपली ओळख, राहण्याचा पत्ता आणि ऐपत सिद्ध करावी लागते. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, सातबाराचा उतारा, कधी तहसीलदाराकडील ऐपतीचा दाखला अशी कागदपत्रे त्यासाठी जुळवावी लागतात. कागद मिळेपर्यंतचे दिवस आरोपी तुरुंगातच काढतो. काही वेळा न्यायालय तात्पुरता रोख जामीन घेऊन जामीनदार आणण्यास मुदत देते. पण त्यासाठीही रोकड हाती असावी लागते.

विवेकाधिकार म्हणजे काय, याचे महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आधी नाकारला गेलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर पुढे न्यायमूर्ती झाले. आणि १९०८ च्या खटल्यात बॅरिस्टर जीना यांनी टिळकांसाठी केलेला जामीनअर्ज याच दावर यांनी फेटाळला. आरोपी तोच, कलम तेच, उच्च न्यायालय तेच. निर्णय मात्र भिन्न. टिळकांना मोठे वकील आणि तालेवार जामीनदार मिळू शकत होते. ज्याला या दोहोंपैकी काहीच मिळत नाही, त्याच्या वाट्याला या विवेकाधिकाराची कोणती बाजू येत असेल, याची कल्पना करता येईल.

स्वातंत्र्याचा बाजारभाव

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास जामिनाची रक्कम हे एक प्रकारचे तारण आहे. कर्जदार पळून जाऊ नये म्हणून सावकार जमीन लिहून घेतो, तसे आरोपी पळून जाऊ नये म्हणून न्यायालय रक्कम लिहून घेते. तारणाच्या व्यवहारातील जो दोष आहे, तोच येथेही आहे. ज्याच्यापाशी आधीच काही आहे, त्यालाच पत मिळते. प्रामाणिकपणा, गावातील मुळे, कुटुंब, हातातला रोजगार ही खरी हमी असूनही ती तारण म्हणून गहाण ठेवता येत नाही.

समजा, दिवसाला पाचशे रुपये मिळवणाऱ्या मजुराला पंधरा हजारांचा जामीन भरण्यास सांगितले. त्याच्या पूर्ण तीस दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम झाली. आणि कोठडीत असल्यामुळे त्याची मजुरी तर बंदच आहे. हीच रक्कम एखाद्या व्यापाऱ्याला एका दिवसाच्या उलाढालीइतकीही वाटणार नाही. आकडा समान, पण भार विषम, असा हा कर आहे. शिवाय व्यापारी पळून जाऊ नये म्हणून ही रक्कम अपुरी आणि मजुराला बाहेर पडण्यासाठी ती अशक्य, म्हणजे ज्या हेतूने ती मागितली तो हेतूही दोन्हीकडे फसतो. मजूर आत राहिला म्हणजे त्याचे अन्न, पहारा आणि न्यायालयातील ने-आण यांचा खर्च सरकार करते. बाहेर त्याचे घर कर्ज काढते, मुलाची शाळा सुटते. पंधरा हजारांची हमी मिळाली नाही म्हणून समाज त्याहून कितीतरी अधिक रकमेचे नुकसान पत्करतो. कोणताही शहाणा हिशेबनीस असा जमाखर्च मान्य करणार नाही.

हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, असे नाही. १९७७ मध्ये राजस्थानातील एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सूत्र मांडले. १९७८ मध्ये त्यांच्यासमोर मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण आले. सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला असताना खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. आणि भाऊ जामीन राहण्यास तयार झाला, तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या कारणावरून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द करून एक हजाराच्या बंधपत्रावर गवंड्याला सोडण्यास सांगितले. एकाच देशातील नागरिक जिल्ह्याची सीमा ओलांडली की परका ठरतो काय, हा त्या निकालामागील प्रश्न होता. पोटासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर येणाऱ्या मराठवाड्यातील वा परप्रांतातील मजुराला तो आजही लागू पडतो.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांचे लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये प्रसिद्ध झाले आणि वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. हाच हुसैनआरा खातून खटला. आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, तेवढा काळ काही माणसे निकालाविना तुरुंगात होती, असे त्यात उघड झाले. खटला वाजवी वेळात चालणे हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले. आरोपीला सोडताना पैशाऐवजी त्याची समाजातील मुळे पाहावीत, हा विचारही त्या निकालात आला.

वकिलाविना हक्क

जामिनाचा हक्क कागदावर कितीही भक्कम असला, तरी तो मागणारा कोणी नसेल तर तो कागदावरच राहतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मुदतीत आरोपपत्र न आल्यामुळे मिळणारा जामीन. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस सोडावेच लागते; तेथे गुन्हा किती गंभीर आहे, हे पाहिले जात नाही. मात्र हा हक्क मागावा लागतो. आरोपीने अर्ज करण्यापूर्वीच पोलिसांनी आरोपपत्र आणून दिले, तर तो हातचा जातो. म्हणजे एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी न्यायालयात कोणी उभे राहिले की नाही, यावर माणसाचे पुढील अनेक महिने अवलंबून असतात. ज्याचा वकील दिवस मोजतो, तो सुटतो. ज्याचा वकीलच नाही, त्याला दिवस मोजायचे असतात हेही ठाऊक नसते. लेखी अर्ज नसला तरी तोंडी मागणी पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण तोंडी मागण्यासाठीही हक्काची माहिती हवीच.

राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क प्रत्येक अटक झालेल्या व्यक्तीला दिला आहे. परंतु पसंतीचा वकील हा पैशाने मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद घातला आणि मोफत कायदेशीर साहाय्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात असे साहाय्य हा न्याय्य कार्यपद्धतीचा अविभाज्य भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणात, १९८१ मध्ये, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे केले जाते त्या क्षणापासून वकील दिला पाहिजे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे बजावण्यात आले. १९८६ मध्ये त्याही पुढे जाऊन, आरोपीने मागणी केली नाही म्हणून हा हक्क बुडत नाही, असे स्पष्ट झाले.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमातील एक तरतूद सुशिक्षितांनाही फारशी ठाऊक नसते. मोफत वकील केवळ ठरावीक उत्पन्नाखालील लोकांनाच मिळतो, असे नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तो मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुका न्यायालयातील समिती, तुरुंगातील विधी साहाय्य केंद्र किंवा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक, यांपैकी कोठूनही सुरुवात करता येते.

असे असूनही पुष्कळ कुटुंबे मोफत वकिलाकडे न जाता दागिने मोडून खासगी वकील करतात. ‘फुकटचा वकील’ खटल्यात लक्ष घालत नाही, ही भावना सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. अल्प मानधनावर अनेक खासगी कामांमधून वेळ काढणाऱ्या वकिलाने तुरुंगात जाऊन आरोपीला भेटावे, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत सुरू केली, ती याच कारणासाठी. सरकारी अभियोक्त्याप्रमाणे बचावासाठीही वेतनावर नेमलेला वकील असणे, हा योग्य दिशेने टाकलेला पाऊलठसा आहे. तो किती खोल उमटतो, हे त्यासाठी किती माणसे व किती पैसा दिला जातो, यावर ठरेल.

सुधारणा आणि त्यांच्या मर्यादा

अलीकडच्या काळात सुधारणांचा वेग वाढला आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांचा प्रश्न न्यायमूर्तींपुढेच मांडला. त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही महत्त्वाचे निर्देश दिले. जामिनाचा आदेश ई-मेलने थेट तुरुंगाकडे पाठवावा. सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. महिन्याभरात बंधपत्र न दिले गेल्यास न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. ती आखताना कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद ठेवण्यात आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेरा प्रकरणांत जामीन मिळूनही प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार आणता न आल्यामुळे आरोपी आतच होता. न्यायालयाने तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालवून घेण्यास मुभा दिली.

नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने पूर्वीची एक तरतूद विस्तारली आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे, असा नियम होता; आता पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्यांसाठी हा काळ एक तृतीयांशावर आणला आहे आणि त्यासाठी अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे. देहदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे कलम लागू नाही. जुन्या प्रकरणांनाही त्याचा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. पण याच कलमाच्या पोटात एक अडसर आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा प्रकरणांचा तपास वा खटला प्रलंबित आहे, त्याला हा लाभ नाही. एकाच घटनेत दोन-तीन कलमे लावणे ही तर नित्याची गोष्ट आहे. त्यामुळे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत जाण्याचा धोका आहे. अमली पदार्थ, बेकायदा कृत्ये आणि काळ्या पैशाचे शुद्धीकरण यांविरुद्धच्या विशेष कायद्यांत तर जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की, नियम आणि अपवाद यांची जागाच उलटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. आरोपी मोकळे सुटले तर ते फरार होतील, साक्षीदारांना धमकावतील, फिर्यादीचे जगणे मुश्कील करतील. ज्याची मुलगी किंवा जमीन गेली, त्याच्या दृष्टीने आरोपीला जामीन म्हणजे न्यायाची थट्टा असते. ही भीती खरी आहे. मात्र तिचे उत्तर रकमेत नाही. साक्षीदाराला धमकावण्याची शक्ती ज्याच्यात असते, त्याला जामीनदारही सहज मिळतो. अशा आरोपीला कारणे नोंदवून जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. आणि जो धोकादायक नाही, त्याला केवळ गरीब म्हणून आत ठेवल्याने कोणताही साक्षीदार अधिक सुरक्षित होत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६१ मध्ये सुरू झालेल्या मॅनहटन जामीन प्रकल्पात आरोपीचे घर, नोकरी व कुटुंब यांची चौकशी करून पैशाविना सोडण्याची शिफारस केली जात असे. अशा रीतीने सोडलेल्यांपैकी तारखेस न येणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प आढळले आणि त्याचा प्रभाव तेथील १९६६ च्या जामीन सुधारणा कायद्यावर पडला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून कोठडीतील माणसे आणि त्यांची कुटुंबे यांच्यामध्ये समाजकार्यकर्त्यांचा दुवा उभा केला आहे. माणसाची चौकशी करून त्याच्यावर विश्वास ठेवणे, ही केवळ भावुकता नव्हे; ती अधिक चांगली माहिती मिळवण्याची पद्धत आहे.

हा प्रश्न झोपडपट्टीपुरताच आहे, असे समजणाऱ्या पांढरपेशा वर्गानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला शासकीय कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. म्हणजे भाऊबंदकीच्या वादातून झालेल्या एखाद्या फिर्यादीत शनिवार-रविवारी जामीनदार न मिळणे, एवढ्यावर लिपिकाची नोकरी टांगणीला लागू शकते. आणि आप्ताला जामीन राहताना कागद न वाचता सही करणाऱ्यानेही जाणून घ्यावे की, आरोपी गैरहजर राहिल्यास बंधपत्र जप्त होते व ती रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. जामीन राहणे ही भिडेची नव्हे, जबाबदारीची गोष्ट आहे. मात्र ती जबाबदारी झेपत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून तिच्यातून मुक्त होण्याची सोयही कायद्यात आहे.

पुढे काय व्हावे, हे शोधण्यासाठी नव्या समितीची गरज नाही. विधी आयोगाने १९७९ च्या अठ्ठ्याहत्तराव्या अहवालात कच्च्या कैद्यांचा आणि २०१७ च्या दोनशे अडुसष्टाव्या अहवालात जामिनाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. इंग्लंडप्रमाणे जामिनाचा स्वतंत्र कायदा करण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सुचविले आहे. त्यानंतर प्रक्रिया संहिता बदलली; स्वतंत्र कायदा मात्र तिच्याबरोबर आला नाही. तो येईपर्यंतही पुष्कळ करता येण्याजोगे आहे. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, असे संहिता सांगते. तेव्हा ती ठरवताना आरोपीचे उत्पन्न नोंदवणे सक्तीचे करावे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीन देऊ न शकणारा आरोपी निर्धन मानावा आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावे, हे कायद्यातच आहे; त्याची अंमलबजावणी तपासणारी एक नोंदवही प्रत्येक न्यायालयात असावी. साठावा व नव्वदावा दिवस कोणाचा कधी येतो, याची यादी तुरुंगाने बचाव वकिलाला आठवडाभर आधी द्यावी. यांतील एकाही उपायाला मोठा खर्च लागत नाही. लागते ती दरमहा नोंद ठेवण्याची शिस्त.

एखाद्या देशात सोन्याची किंमत वाढली की वृत्तपत्रे मथळे देतात. स्वातंत्र्याची किंमत मात्र प्रत्येक न्यायालयात रोज ठरत असते आणि ती देऊ न शकणाऱ्यांची मोजदाद वर्षातून एकदा सरकारी अहवालात होते. त्या आकड्यांतील प्रत्येक माणसावर कोणाची तरी फिर्याद आहे, हे खरे. पण त्या फिर्यादीचा निवाडा अजून व्हायचा आहे, हेही तितकेच खरे. निवाड्याआधीच शिक्षा भोगायची की नाही, याचे उत्तर आरोपीच्या खिशावर अवलंबून राहणार असेल, तर समान न्यायाचे घटनादत्त वचन अजून पाळले गेलेले नाही, असेच म्हणावे लागेल.